तारीख 30 जून नाही, 31 मार्च

हा जाहीर इशारा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, बुलढाण्याचे पालकमंत्री मकरंद पाटील, खासदार व केंद्रीय राज्यमंत्री प्रतापराव जाधव आणि या जिल्ह्यातले सातही आमदार यांना उद्देशून आहे. निवेदनं देऊन झाली. तहसील कचेरीत त्यांच्यावर शिक्के बसले, पोच मिळाली, पुढं काही हललं नाही. आता मुदत देत आहोत. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026 पर्यंत घेऊ, असं तुम्ही सांगितलंत. तो निर्णय, त्याचे निकष आणि त्याचा शासन निर्णय 31 मार्च 2026 च्या आत हातात पडला पाहिजे. हे तीन महिने का महत्त्वाचे, ते आधी नीट ऐकून घ्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या वर्धा रोडवर शेतकरी ट्रॅक्टर लावून बसले. बच्चू कडू होते, राजू शेट्टी होते, अजित नवले होते, आमच्या जिल्ह्याचे रविकांत तुपकर होते. रस्ता अडला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं रस्ता मोकळा करायला सांगितलं, आणि 30 ऑक्टोबरला मुंबईत सह्याद्री अतिथीगृहावर बैठक झाली. प्रवीणसिंह परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती, एप्रिलमध्ये तिचा अहवाल, 30 जूनपर्यंत निर्णय, असं ठरलं. आंदोलनानं सरकारच्या तोंडून एक तारीख काढली, हे यश आहे आणि ते कुणी हिरावून घेऊ नये. पण ती तारीख ज्यानं लिहिली त्याला शेतकऱ्याचं वर्ष कसं चालतं हे ठाऊक नाही, किंवा चांगलं ठाऊक आहे.

सोसायटीचं पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलं तरच तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज. हा लाभ पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा. तारीख चुकली की व्याज लागतं आणि खातं थकीत होतं. थकीत खातेदाराला एप्रिल-मे मध्ये नवं पीककर्ज मिळत नाही. 7 जूनच्या आसपास मृग लागतो. पाऊस वेळेवर आला तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चिखली, मेहकर, लोणारची निम्मी पेरणी आटोपलेली असते. बियाणं, डीएपी, तणनाशक, ट्रॅक्टरचं भाडं हा सगळा पैसा 30 जूनच्या आधी लागतो. तो त्या वेळी बँकेतून आला नाही तर कृषी सेवा केंद्राच्या उधारीतून येतो, सावकाराकडून येतो, घरातल्या बाईच्या नावावर काढलेल्या फायनान्सच्या कर्जातून येतो. त्या फायनान्सचा माणूस आठवड्याला हप्त्यासाठी दारात उभा राहतो. त्या कर्जाला कुठलीच कर्जमाफी कधी लागू झालेली नाही.

म्हणजे आजपासून मार्चपर्यंत आमच्या शेतकऱ्यापुढं दोनच वाटा उरल्या आहेत. बायकोच्या अंगावरचं सोनं गहाण टाकून 31 मार्चला कर्ज भरायचं आणि जूनमध्ये कळायचं की माफी फक्त थकबाकीदारांना आहे. किंवा माफीच्या भरवशावर कर्ज भरायचं नाही, व्याज सवलत घालवायची, नवं कर्ज घालवायचं, आणि जूनमध्ये कळायचं की आपलं खातं निकषात बसत नाही. ही भीती मनगढंत नाही. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत 30 जून 2016 रोजीची थकबाकी धरली. 2019 च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत 1 एप्रिल 2015 ते 31 मार्च 2019 या काळात उचललेलं आणि 30 सप्टेंबर 2019 ला थकीत असलेलं कर्ज धरलं. दोन्ही वेळा एका तारखेनं शेजारच्या दोन वावरांतल्या दोन सारख्या माणसांपैकी एकाला मोकळं केलं आणि दुसऱ्याला अडकवलं. नियमित भरणाऱ्यांना 50 हजारांचं प्रोत्साहन मिळणार म्हणून 2020 मध्ये सांगितलं. ते पैसे यायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट. कट-ऑफ तारीख कोणती, मर्यादा किती, पुनर्गठित कर्ज धरणार की नाही, ठिबक, विहीर, पाइपलाइन, शेडनेटचं मध्यम मुदतीचं कर्ज धरणार की नाही, नियमित भरणाऱ्याला काय देणार, हे सगळं 31 मार्चच्या आत लेखी जाहीर करा. समितीला अहवाल एप्रिलमध्ये द्यायचा असेल तर तिला फेब्रुवारीत द्यायला सांगा. कर्जाचा हिशोब बँकांकडे आहे, सातबारा ऑनलाइन आहे, फार्मर आयडी तुम्हीच सक्तीनं काढून घेतला. माहिती गोळा करायला आठ महिने लागतात, हे कारण आम्ही मान्य करत नाही.

आता तुमच्या शब्दांकडे वळतो, कारण हा इशारा त्यांच्यावरच उभा आहे.

5 नोव्हेंबर 2024 रोजी कोल्हापुरात महायुतीनं दहा वचनं दिली. त्यात शेतकऱ्यांची कर्जमाफी होती, हमीभावावर 20 टक्के अनुदान होतं, लाडक्या बहिणींना 2100 रुपये होते. पाच दिवसांनी भाजपच्या संकल्पपत्रात सोयाबीनला 6000 रुपये आले आणि पंतप्रधानांनी प्रचारसभांतून ते सांगितले. त्याच प्रचारात, मतदानाला पाच दिवस उरले असताना, केंद्रानं सोयाबीन खरेदीत ओलाव्याची अट 12 वरून 15 टक्क्यांवर नेली. 20 नोव्हेंबरला मतदान झालं. बुलढाणा जिल्ह्यानं सातपैकी सहा जागा तुम्हाला दिल्या. एकटं मेहकर विरोधकांकडे गेलं. 5 डिसेंबरला आझाद मैदानावर शपथविधी झाला. आज नोव्हेंबर 2025 चा तिसरा आठवडा आहे. नवं सरकार म्हणून तुम्हाला दिलेली सवलत संपली.

या वर्षभरात सोयाबीनचं काय झालं ते शेतकऱ्याला बाजार समितीच्या पट्टीवर दिसतं, पण ते का झालं हे त्याला कुणी सांगत नाही. म्हणून इथं लिहितो. सप्टेंबर 2024 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं. भाव सावरेल असं वाटलं. मतं पडली, सरकारं बसली, आणि मे 2025 च्या अखेरीस, आमची पेरणी तोंडावर असताना, तेच शुल्क निम्म्यावर, 10 टक्क्यांवर आणलं. बाहेरचं तेल स्वस्त झालं. त्याच वेळी इथेनॉलच्या कारखान्यांतून मक्याचा चोथा पशुखाद्याच्या बाजारात आला आणि सोयाबीनच्या ढेपेची मागणी पडली. तेल पडलं, ढेप पडली, मग दाणा कसा उभा राहील? यंदाचा हमीभाव 5328 रुपये आहे. दसरा-दिवाळीत शेतकऱ्यानं सोयाबीन विकलं ते चार हजारांच्या आत-बाहेर, भिजलेला माल त्याहून खाली. ज्याच्याकडे 20 क्विंटल झालं त्याला तुमच्या 6000 च्या वचनाप्रमाणे 1 लाख 20 हजार मिळायला हवे होते. मिळाले 80 हजार. एका हंगामात 40 हजारांचा फरक. त्याचं पीककर्ज थकलं ते इथं थकलं. आळसानं थकलं नाही, लग्नात उडवल्यानं थकलं नाही.

हमीभावाच्या खरेदीची नोंदणी तुम्ही 30 ऑक्टोबरला सुरू केली, प्रत्यक्ष खरेदी 15 नोव्हेंबरला. सोंगणी-मळणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकते. मजुरी, हार्वेस्टर, दिवाळी, रब्बीचं हरभऱ्याचं बियाणं, या सगळ्यांचे पैसे तेव्हाच द्यायचे असतात. खरेदी केंद्र उघडेपर्यंत गरिबाचं सोयाबीन व्यापाऱ्याच्या गोदामात जाऊन पडलेलं असतं, आणि हमीभाव मग कुणाच्या पदरात पडतो हे मापाऱ्यापासून ग्रेडरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. निवडणुकीत 15 टक्के ओल चालत होती. यंदा एवढा पाऊस पडूनही 12 चीच अट आहे.

कापसाची गोष्ट जुनी आहे आणि ती खामगावकडून सांगायला हवी. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, अध्यक्ष लिंकननं दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला तो या कापसासाठी. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः तो उघडायला आला. पण रेल्वे आली तोवर युद्ध संपलं होतं, अमेरिकेचा कापूस परतला होता, आणि तेजीत कर्ज काढलेल्या शेतकऱ्याच्या गळ्याला सावकाराचा फास लागला होता. पुणे-नगरकडे 1875 मध्ये त्याच पडझडीतून शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, आणि मगच इंग्रज सरकारला 1879 चा कायदा सुचला.

दीडशे वर्षांनी पुन्हा वॉशिंग्टनमधल्या एका माणसाच्या सहीनं खामगावचा बाजार हलला आहे. डोनाल्ड ट्रम्प 20 जानेवारी 2025 ला दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले. ऑगस्टमध्ये त्यांनी भारतीय मालावर आधी 25 आणि 27 तारखेपासून एकूण 50 टक्के शुल्क लादलं. तयार कपड्यांच्या निर्यातदारांना धक्का बसला, हे खरं. पण दिल्लीनं त्या निर्यातदारांना आधार दिला तो कुणाच्या खिशातून? कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्टपासून काढून टाकलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, नंतर 31 डिसेंबरपर्यंत. ऑक्टोबर ते डिसेंबर हे आमच्या वेचणीचे महिने. नेमक्या त्याच महिन्यांत परदेशी कापसाला दार उघडं. लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये कागदावर छापला, आणि सीसीआयच्या केंद्रावर जायचं तर कपास किसान ॲपवर नोंदणी, ओलावा 8 ते 12 टक्के, खरेदीवर मर्यादा. परतीच्या पावसानं भिजलेल्या बोंडात 12 टक्के ओल कुठून आणायची? गावात येणारा खेडा खरेदीवाला ते बोंड कोणत्या भावानं घेतो ते एकदा येऊन बघा.

मी अमेरिकेच्या शेतकऱ्याचा वैरी नाही. ट्रम्प यांच्या व्यापारयुद्धात चीननं कित्येक महिने अमेरिकन सोयाबीन घेतलं नाही आणि तिकडचा सोयाबीनवालाही गोत्यात आला. पण त्याचं शिल्लक सोयाबीन, त्याचा मका भारतानं घ्यावा यासाठी वाटाघाटीत दबाव आहे, आणि हा दबाव इथे चिखलीच्या सोयाबीनवर येऊन पडणार आहे. प्रतापराव जाधव केंद्रात मंत्री आहेत. 1 डिसेंबरला संसदेचं अधिवेशन सुरू होतंय. कापसाची शुल्कमाफी 31 डिसेंबरनंतर एक दिवसही वाढणार नाही, आणि सोयाबीन-मक्याला व्यापार करारात दार उघडणार नाही, हे त्यांनी मंत्रिमंडळात मांडावं आणि जिल्ह्याला लेखी कळवावं. पद आयुष मंत्रालयाचं आहे ही सबब चालणार नाही. मतं बुलढाण्यानं दिली आहेत.

विम्याबद्दल थोडक्यात, पण तिथला घाव खोल आहे. खरीप 2023 पासून चालू असलेली एक रुपयाची पीकविमा योजना या वर्षी बंद केली. गैरप्रकार झाले म्हणून केली, असं सांगितलं. गैरप्रकार करणारे बोगस अर्जदार आणि सेवा केंद्रं होती. त्यांना पकडायचं सोडून खऱ्या शेतकऱ्याचं संरक्षण काढून घेतलं. पैसे भरायला लावलेच, वर अतिवृष्टी, गारपीट, काढणीनंतरचं नुकसान हे वैयक्तिक नुकसानीचे निकष वगळले. आता उरला फक्त पीक कापणी प्रयोग. महसूल मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या खाली आली तरच पैसे. नाल्याकाठच्या वावरात कमरेएवढं पाणी साचलं आणि माळावरचं पीक वाचलं, तर नाल्याकाठचा माणूस बुडाला तो बुडाला. आणि हे नेमकं कोणत्या वर्षी केलं? मेहकर-लोणारकडे पैनगंगेकाठची जमीन खरडून गेली त्या वर्षी. 7 ऑक्टोबरला तुम्ही 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, दिवाळीच्या आत मदत देऊ म्हणालात. मदत व पुनर्वसन खातं मकरंद पाटलांकडे, आणि बुलढाण्याचं पालकमंत्रिपदही त्यांच्याकडेच. या जिल्ह्यात ई-केवायसीत अडकलेले, सामायिक खात्यात अडकलेले, यादीत नाव असून खात्यात पैसे नसलेले शेतकरी किती, हा आकडा त्यांनी गावनिहाय जाहीर करावा.

आता या वर्षाच्या मार्च महिन्याची आठवण. ती मला रोज छळते. 10 मार्चला अजित पवारांनी अर्थसंकल्प मांडला. कर्जमाफीचा शब्द त्यात नव्हता. 13 मार्चला, होळीच्या दिवशी, देऊळगाव राजा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्यानं आपलं आयुष्य संपवलं. राज्य सरकारनं ज्याला युवा शेतकरी म्हणून पुरस्कार दिला होता तो हा माणूस. खडकपूर्णा धरणाचं पाणी आपल्या परिसराला मिळावं म्हणून तो डिसेंबरमध्ये उपोषणाला बसला होता. आश्वासन मिळालं, पाणी मिळालं नाही. धरण डोळ्यांपुढं आहे, कालवा आहे, आणि रान कोरडं. पुढं काय झालं? 17 मार्चला औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल पेटली. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहावर विधिमंडळात, वाहिन्यांवर, चौकाचौकात दिवसचे दिवस बोलणं झालं. होळीला गेलेल्या शेतकऱ्याच्या पाण्याचं काय, हे विचारायला कुणाला उसंत मिळाली नाही. 28 मार्चला अजित पवार म्हणाले, 31 मार्चच्या आत पीककर्ज भरा, यंदा आणि पुढच्या वर्षी माफी नाही. अर्थसंकल्प, मरण, दंगल, वसुली. अठरा दिवसांत.

म्हणून सत्ताधाऱ्यांना हा दुसरा इशारा. येत्या मार्चमध्ये कर्जमाफीचा प्रश्न ऐरणीवर असताना पुन्हा एखादी कबर, एखादी मिरवणूक, एखादा जातीचा वाद पुढं केलात, तर तो का पुढं आला हे आम्ही गावागावात नावानिशी सांगू. मराठा आणि ओबीसी, बौद्ध आणि मुसलमान, सगळ्यांच्या सातबाऱ्यावर त्याच बँकेचा बोजा आहे. याच जिल्ह्यातले सत्यशोधक पंढरीनाथ पाटील यांनी 1927 मध्ये जोतीराव फुल्यांचं चरित्र लिहिलं. शेतकऱ्याला धर्माच्या नावानं गुंतवून ठेवून त्याचं रान कसं लुटतात, हे जोतीरावांनी 1883 मध्येच लिहून ठेवलं होतं. ही शिकवण इथल्या मातीत शंभर वर्षं मुरली आहे.

तिजोरीत पैसा नाही, असं उत्तर येणार. आकडे आम्हालाही वाचता येतात. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटी आणि महसुली तूट 45,891 कोटी दाखवली आहे. परिस्थिती बिकट आहे, नाकारत नाही. पण ही तूट सोयाबीनवाल्यानं केलेली नाही. तिजोरीत खडखडाट असताना ज्या शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांचा विरोध आहे, त्यासाठी 86 हजार कोटींचा बेत होतो. त्यातल्या भूसंपादनासाठी 20 हजार कोटींवर रकमेला मंत्रिमंडळ मंजुरी देतं. समृद्धी महामार्ग आमच्या मेहकर-सिंदखेडराजातून गेला, त्याला पन्नास हजार कोटींहून जास्त लागले, कुणी तिजोरीची अडचण सांगितली नाही. 2017 मध्ये याच मुख्यमंत्र्यांनी 34 हजार कोटींची माफी जाहीर केली होती. तेव्हा राज्य बुडालं नाही.

कर्जमाफीनं शेती सुधारते असा माझा दावा नाही. 2006 च्या जुलैमध्ये मनमोहन सिंग विदर्भात आले, आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज दिलं. बुलढाणा त्या सहांत होता. 2008 मध्ये केंद्राची कर्जमाफी आली, ती दोन हेक्टरच्या अटीत आली, आणि चार हेक्टर कोरडवाहू असणारा इथला गरीब बाहेर राहिला. 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेनं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध आणले. ज्या सोसायटीत शेतकऱ्याचा आजा कर्ज घेत होता तिचं दार काही वर्षं बंदच राहिलं. ती बँक कुणी बुडवली, तिची मोठी थकबाकी कुणाच्या संस्थांकडे होती, याची शिक्षा भोगली पाच एकरवाल्यानं. तेव्हा माफीनं सगळं ठीक होईल असं समजण्याइतके आम्ही भाबडे नाही. मात्र तेलाचं शुल्क कमी करून, कापसाचं शुल्क काढून, खरेदी उशिरा उघडून आणि विमा पोकळ करून सरकारनं जे नुकसान केलं, ते सरकारनं भरून द्यायचं, एवढा साधा न्याय आम्ही मागतो. आणि तो मागताना त्या माणसांनाही धरून चालतो ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही: बटईनं, मक्त्यानं वावर करणारे, नवऱ्याच्या माघारी शेती ओढणाऱ्या बाया, ज्यांची वारस नोंद तलाठ्याकडे पडून आहे, शेतमजूर, ज्यांची मजुरी भाव पडला की पहिल्यांदा पडते. मागच्या दोन्ही योजनांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. या वेळी बघावं लागेल.

आत्महत्याग्रस्त कुटुंबाला मिळणारी मदत आजही एक लाख आहे, वीस वर्षांपूर्वी होती तेवढीच, त्यातले 30 हजार हाती आणि उरलेले बँकेत. तेही पात्र-अपात्रची समिती ठरवणार. ही रक्कम वाढवा आणि ती अपमानाची चौकशी थांबवा.

मुदती अशा. 5 डिसेंबरला सरकारला वर्ष होतं. त्या दिवसापर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक खरेदी केंद्रावर बारदान आणि काटे हवेत, आणि दसऱ्यापासून हमीभावाच्या खाली सोयाबीन विकलेल्यांना बाजार समितीच्या पट्टीवर भावातला फरक देण्याची घोषणा हवी. 8 डिसेंबरला नागपुरात हिवाळी अधिवेशन भरतंय. सातही आमदारांनी, त्यात मेहकरचेही आले, सभागृहात उभं राहून कर्जमाफीची तारीख 31 मार्च करण्याची मागणी करावी. कामगारमंत्री आकाश फुंडकर मंत्रिमंडळात बसतात, त्यांनी ती तिथं करावी. कोण बोललं आणि कोण गप्प बसलं, हे सभागृहाच्या कामकाजावरून काढून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलं जाईल. वसुलीला स्थगिती दिल्याचं तुम्ही सांगता. मग ज्या बँकेनं नोटीस काढली, पीककर्जाला सिबिल मागितलं, किंवा अनुदानाचा पैसा कर्जखात्यात वळता केला, तिच्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी काय कारवाई केली त्याची यादी 31 डिसेंबरपर्यंत प्रसिद्ध व्हावी. 12 जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीला सिंदखेडराजाला नेते येतात. यंदा तिथं येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात खडकपूर्णाच्या पाण्याचं लेखी वेळापत्रक असावं. नसेल तर लोक ते शांतपणे, पण सगळ्यांदेखत मागतील.

26 जानेवारीच्या ग्रामसभांत ठराव होतील. कर्जमाफीचे निकष कळेपर्यंत वसुली नाही, असा ठराव. 31 मार्चची मध्यरात्र शासन निर्णयाविना उलटली, तर 1 एप्रिलपासून या जिल्ह्यात सरकारविरुद्ध असहकार सुरू होईल. मंत्र्यांच्या, आमदारांच्या कुठल्याही उद्घाटनाला, भूमिपूजनाला, सत्काराला शेतकरी जाणार नाही. गेला तर एका हातात 2024 चं संकल्पपत्र आणि दुसऱ्या हातात विक्रीची पट्टी घेऊन जाईल आणि उत्तर मिळेपर्यंत उठणार नाही. तेराही तालुक्यांतून पायी मोर्चे बुलढाण्याला निघतील आणि जिल्हाधिकारी कार्यालयापुढं बसतील. दगड उचलला जाणार नाही, बस फुटणार नाही, कुणाच्या अंगाला हात लागणार नाही. याची जबाबदारी आमची. फेब्रुवारी 2023 मध्ये याच कार्यालयाबाहेर पोलिसांनी शेतकऱ्यांवर लाठ्या चालवल्या. ते पुन्हा झालं तर त्याची जबाबदारी तुमची. 2 डिसेंबरला नगरपालिकांचं मतदान आहे, मागोमाग जिल्हा परिषद आणि पंचायत समित्या येणार. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, 31 मार्चच्या मागणीवर सही करणार असेल तरच त्यानं गावात मत मागावं. विरोधी पक्षांनाही हेच लागू. सत्तेत असताना तुमचीही कर्जमाफी अर्धवट राहिली होती, ते लोक विसरलेले नाहीत.

आणि माझ्या भावांनो, बहिणींनो, तुम्हालाही एक ताकीद. या चार महिन्यांत कुणी जिवाचं बरंवाईट करायचं नाही. गळ्याशी आलं, झोप उडाली, तर घरात सांगा, शेजारी सांगा, रात्री-अपरात्री कुणाचंही दार वाजवा. कर्ज बँकेचं आहे, बँक सरकारला विचारेल. तुम्ही गेलात तर तुमची एक मागणी कमी होते, आणि सरकारला तेवढंच हवं असतं. प्रत्येक गावानं पाच-सात माणसं ठरवावीत, थकीत घरांची नावं त्यांच्याकडे असावीत, आठवड्याला एकदा त्यांनी त्या ओसरीवर जाऊन बसावं. बँकेची नोटीस आली की एकट्यानं शाखेत जायचं नाही, पाचजण जायचं. फायनान्सवाला बाईला दमदाटी करतो तिथं सगळ्या गल्लीनं बाहेर यायचं. विक्रीची प्रत्येक पट्टी, खताचं प्रत्येक बिल, विम्याची पावती, पंचनाम्याचा फोटो जपून ठेवा. 5 डिसेंबरच्या आत या सगळ्याच्या झेरॉक्स प्रती करा. एक संच घरी, एक संच ग्रामपंचायतीत, आणि एक संच नागपूरला जाणाऱ्या तुमच्या आमदाराच्या हातात, पोच घेऊन.